आत्याची रापी आणि पिशवीची राहिलेली शिवण

“ताई, तुला दोन्ही बाजूंनी स्वतःच शिवायचं असतं. पलीकडे कोणी बसलेलं तुला चालत नाही.”

माझ्या धाकट्या बहिणीनं हे फार वर्षांपूर्वी चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हटलं आणि ती या घरातून गेली. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. पण पुढे जे लिहायचं आहे त्यातलं बरंचसं या वाक्यापाशी येऊन अडतं, म्हणून ते आधी लिहून टाकते.

आता रीतसर. मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी आणि उरलेल्या वेळात हौसेनं कातडीकाम करणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकानं नव्हे, तर माझ्या मर्जीनं आणि माझ्याच हातानं लिहीत आहे. अक्षर वाकडं दिसेल. मानेतली नस दबल्यामुळे माझ्या उजव्या हाताची पकड गेली आहे आणि त्यासाठीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. पण हे ते दारापाशी, माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले. म्हणून लिहायला बसले.

माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असतं, पण आमच्या घरात गेले काही महिने त्यावर वाद चालू आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वाद कशावरून, ते त्याच्या जागी येईल.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या नवऱ्याला. याचा तपशील वकीलबाईंकडे आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त मागची खोली, जिथे माझं टेबल आहे, ती वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सामान ठेवायला देऊ नये. त्या विचारणार. मी आजारी पडल्याचं कळलं त्याच आठवड्यात त्या भेटायला आल्या, माझ्या हाताची चौकशी केली आणि बोलता बोलता नजरेनं खोलीची लांबी-रुंदी मोजली. “केवढी हवेशीर आहे हो,” म्हणाल्या. त्या खोलीला खिडकी एकच आहे आणि ती जिन्यात उघडते.

कलम २. वरच्या वहिनींना माझा मोठा पंच द्यावा. हा तोच पंच, जो त्यांनी पट्ट्याला एक भोक पाडायचंय म्हणून नेला आणि पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून परत आणला. “आधीच असा होता,” असं त्यांचं म्हणणं. पंचाची कड आधी कशी होती ते मला माहीत आहे, कारण मी काच घासणारी बाई आहे; कडांवरच माझं पोट चालतं. ज्यांना पंच वापरायचा असेल त्यांच्यासाठी इथे सांगून ठेवते: पंच नेहमी कातड्याखाली जाड रबर किंवा प्लॅस्टिकची पाटी ठेवूनच मारावा, आणि मारायला लाकडी किंवा रबरी हातोडा घ्यावा. लोखंडी हातोड्यानं पंचाचं डोकं पसरतं. दगडावर ठेवून मारला तर एका घावात धार जाते. पत्र्यावर मारला तर काय होतं ते वहिनींना विचारावं.

कलम ३. माझ्याकडचं सगळं कोरं कातडं आणि सुरुवातीची हत्यारं मी माझ्या दुकानातल्या सहकारी मैत्रिणीला देते. ती गिऱ्हाइकांसाठी चष्म्याची घरं शिवायचं म्हणते आहे. तिला मी ओळखते. मी डोळे मिटताच ती चकचकीत पेटीत येणारा पन्नास हत्यारांचा संच मागवणार. मागवू नये. त्यातली चाळीस कधी लागत नाहीत आणि उरलेली दहा पोचट लोखंडाची असतात. लागतं ते एवढंच: एक चांगली सुरी, भोक पाडायची टोकदार आरी, भोकांच्या खुणा पाडायचा दातेरी ठसा, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा, आणि काम गुडघ्यांत धरायचा लाकडी चिमटा. चिमटा माझा घ्यावा. तो मी स्वतः केला आहे, आणि का करावा लागला ते पुढे येईल.

तिच्यासाठी आणखी काही गोष्टी लिहून ठेवते, कारण तोंडी सांगितलं की ती “हो हो” म्हणते, आणि तिच्या “हो हो”वर माझा विश्वास नाही.

कातडं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये, बुरशी धरते. सुती कापडात, सुरळी करून ठेवावं. घडी घातली की ती रेघ जन्मभर राहते. पट्टा कापायचा तर जनावराच्या पाठीचा भाग घ्यावा. पोटाचा भाग मऊ लागतो, हाताला गोड वाटतो, आणि दुकानदार तोच पुढे करतो. पण तो ताणतो, आणि वर्षभरात पट्टा सापासारखा वळतो. ठसे उमटवायचे तर झाडाच्या सालीत कमावलेलं कातडंच हवं. ते स्पंजनं ओलं करावं आणि लगेच ठोकायला घेऊ नये. रंग परत उजळायला लागेपर्यंत थांबावं, गालाला लावून बघावं, गार लागलं पाहिजे पण ओलं नाही. त्या वेळेला ते कातडं काहीही टिपून ठेवतं. ठसा, बांगडी, नख. हे लक्षात ठेवावं. मला त्याचा फार उपयोग झाला आहे.

तेल थोडंच लावावं. तहानलेलं दिसतं म्हणून लोक ओततात, मग ते कधी वाळतच नाही. रंग आधी त्याच कातड्याच्या तुकड्यावर लावून, वाळवून बघावा. बाटलीवरच्या रंगावर जाऊ नये. कडा ओल्या करून लाकडी घोटणीनं, नाहीतर जाड सुती कापडानं घोटाव्यात, हात गरम होईपर्यंत. कड घोटल्याशिवाय वस्तू झाली असं म्हणू नये. आणि धार रोज बघावी. बोथट सुरी हातातून निसटते, धारदार सुरी सांगितल्या जागी जाते. आमची आत्या म्हणायची, बोथट सुरीला जोर लावणाऱ्याच्या बोटाचं काही खरं नाही.

कलम ४. बाजारातल्या कातडेवाल्याला, कपाटाच्या आत खिळ्याला टांगलेला काळा पट्टा परत करावा. “अख्खं कातडं आहे ताई, डोळे मिटून घ्या,” असं म्हणून त्यानं मला कातड्याच्या खालच्या, हलक्या थरावर रंगाची साय चढवलेला माल दिला होता; हा पट्टा त्याचाच. तेव्हापासून कोणी डोळे मिटायला सांगितलं की मी चष्मा लावते. तुम्हीही घेताना कडेचा धागा बघा, नखानं वाकवून बघा. खरं कातडं वाकवलं की बारीक सुरकुत्या पडतात आणि जातात; रंग चढवलेलं एकाच रेघेत मोडतं. पट्टा देताना काही बोलू नये. तो ओळखेल.

कलम ५. आता आत्याची रापी.

रापी म्हणजे कातडं कापायची रुंद, अर्धगोल पात्याची सुरी. आमचे आईवडील लवकर गेले, आम्हा दोघी बहिणींना आत्यानं याच घरात वाढवलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुटीच्या दिवशी मागच्या खोलीत कातडीकाम करायची. त्यातून तिला मिळकत काही नव्हती. तिची पाकिटं आणि पिशव्या आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाकडे होत्या, कारण तिला कोणाला नाही म्हणता यायचं नाही.

कातड्याला जो भक्कम टाका घालतात, तो एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून घालतात. एक सुई अलीकडून, दुसरी पलीकडून, एकाच भोकात, आणि मग दोन्ही बाजूंनी ओढायचं. माणूस एकटा असेल तर काम चिमट्यात धरून दोन्ही हातांनी करतो. आत्याकडे चिमटा नव्हता. तिच्याकडे आम्ही होतो. ती आम्हाला समोरासमोर बसवायची, मध्ये कातडं, आणि एकेक सुई एकेकीच्या हातात. नियम एकच, ओढायचं ते दोघींनी एकदम आणि सारखं. एकीनं जास्त ओढलं की टाका तिच्या बाजूला बुडतो आणि दुसरीच्या बाजूला सैल राहतो. “बोलू नका,” आत्या म्हणायची, “दोऱ्यातून कळतं.” आणि कळायचंही. धाकटी रुसलेली असली की मला तिच्या ओढण्यावरून समजायचं.

आत्याच्या वह्या मावतील अशी एक मोठी पिशवी आम्ही दोघींनी तिच्यासाठी करायला घेतली होती. एक बाजू शिवून झाली, दुसरी अर्धी झाली, आणि आत्या गेली.

तिनं मृत्युपत्र केलं नव्हतं. हे मी इतकं बारीक लिहिते आहे त्याचं कारण तेच. तिचं तेरावं झाल्यावर आम्ही खोली आवरायला बसलो तेव्हा धाकटी म्हणाली, रापी माझी, आत्यानं मला सांगितलंय. मी म्हटलं, आत्यानं मला सांगितलंय. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, तुला कधी? आम्ही दोघीही एकमेकींकडे जशा बघत होतो, तसं मी नंतर फक्त त्या कातडेवाल्याकडे बघितलं आहे. तिचं लग्न ठरलं होतं, सामान बांधून झालं होतं, आणि रापी कुठे आहे ते मला माहीत होतं कारण ती मी आधीच आत ठेवली होती. मग तिनं चपला घातल्या आणि वर लिहिलेलं वाक्य म्हणाली.

आत्यानं दोघींनाही “तुझीच” म्हटलं असेल, हे शक्य आहे. तिचा स्वभाव तसा होता. पण शक्य आहे म्हणजे झालंच असं नव्हे, आणि कोणी हे कलम वाचून त्यातून काही कबुली काढू नये. धाकटी गेल्यावर मी लाकडी चिमटा केला आणि दोन्ही हातांनी शिवायला शिकले. पिशवी सुती कापडात गुंडाळून ठेवली.

यंदा उजवा हात कमी चालायला लागला तेव्हा मी ती बाहेर काढली. म्हटलं, पकड आहे तोवर पुरी करावी. सुटीच्या दिवशी दोनचार टाके व्हायचे, मग बोटं सुन्न पडायची. आणि काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की शिवण मी जिथे सोडली होती त्याच्या पुढे गेलेली आहे.

मी नवऱ्याला विचारलं. त्याची छापखान्यात दुपारपाळी असते. सकाळी मी दुकानात, तो घरी.

“तूच शिवलं असशील,” तो म्हणाला.

“मी नाही शिवलं.”

“मग काय आपोआप वाढली? अगं, हल्ली तू विसरतेस. गॅसवर दूध कोणी ठेवलं होतं परवा?”

दूध त्यानंच ठेवलं होतं. पण तो हसला, आणि तो खरं बोलताना हसत नाही. तिथून मला संशय आला. आधी वाटलं, मला वेडी ठरवून घराचं काही करायचा बेत असेल. डॉक्टरांनीही मला तारीख, वार आणि उलटे आकडे विचारले, ते कोणाच्या सांगण्यावरून, ते काही बोलले नाहीत. मग मी बघायला लागले. मेणाची वडी उलटी ठेवलेली. आरीचं टोक डावीकडे, मी उजवीकडे ठेवते. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले, आणि माझ्या नवऱ्यानं आजवर कप कधी पालथा घातलेला नाही.

पिशवी उलटी करून भिंगाखाली धरली. पुढून कोणाचेही टाके सारखेच दिसतात, मागून ओळख पटते. मी आधी उजव्या हाताची सुई घालते, त्यामुळे माझे टाके मागे तिरके पडतात. वाढलेले टाके सरळ होते. असे टाके डावखुऱ्या माणसाचे पडतात. वरच्या वहिनी उजव्या हाताच्या आहेत, माझा नवराही. तरी मी घाई केली नाही. कातड्याचा एक तुकडा ओला केला, गालाला लावून बघितला, आणि टेबलाच्या कडेला, जिथे शिवताना हात टेकतो तिथे, चुकून राहिल्यासारखा ठेवून दुकानात गेले.

संध्याकाळी त्यावर अंगठ्याचं नख उमटलेलं होतं. मधोमध दुभंगलेलं. शाळेत असताना घाईघाईत आरी अंगठ्यात घुसवून घेतली, तेव्हापासून धाकटीचं नख असंच येतं. आणि धाकटी डावखुरी आहे.

म्हणजे माझ्या घरी, माझ्या पाठीमागे, माझ्या नवऱ्यानं दार उघडून दिल्यावर, माझी बहीण येऊन बसते, चहा पिते आणि माझ्या चिमट्यात माझी पिशवी शिवते. मी दोघांनाही काही बोलले नाही. दोघांना वाटतं मला कळलेलं नाही.

तिचा हेतू काय, हे शोधायला मी रापी कपाटातून काढून उघड्यावर ठेवली. न्यायची तर नेईल, म्हणजे प्रश्नच मिटला. पण रोज संध्याकाळी रापी जागेवर, आणि रोज तिला धार केलेली. चामड्याच्या पट्टीवर ओढून, पातं पुसून, वर तेलाचा हलका हात. माझ्या हातून हल्ली धार होत नाही. चोर वस्तू घेऊन जातो. ही धार लावून जाते. यात काय डाव आहे ते मला अजून उलगडलेलं नाही. बहुतेक माझ्या तोंडून काहीतरी काढायचं असेल.

तर, आत्याची रापी मी माझ्या धाकट्या बहिणीला देते. आत्यानं तिला कबूल केली होती म्हणून नव्हे. ती रापी या घरात दुसऱ्या कोणाला सांभाळता येणार नाही म्हणून. रापी कापडाच्या घडीत नेऊ नये, पातं झाकणारं चामडी म्यान मी केलं आहे, त्यात न्यावी. आठवड्यातून एकदा तरी पट्टीवर ओढावी, वापरली नाही तरी. पातं आपल्याकडे ओढत नव्हे, आपल्यापासून दूर ढकलत कापावं. हे तिला माहीत आहे. तरी लिहिते.

कलम ६. पिशवी कोणालाही नाही. ती पुरी झालेली नसल्यामुळे ती वस्तूच नव्हे, असं मी समजते.

कलम ७. या मृत्युपत्राची एक प्रत वकीलबाईंकडे आहे. दुसरी पाकिटात घालून टेबलाच्या मधल्या खणात ठेवली आहे. खणाला कुलूप लावलेलं नाही. पाकिटावर “माझ्या मागे उघडावं” असं लिहिलं आहे, आणि माझा नवरा हे पाकीट उद्या सकाळी, मी दुकानात गेल्यावर अर्ध्या तासात उघडणार, याबद्दल मला शंका नाही. पाकिटाच्या कडेला मी दोऱ्याचं मेण चोळून ठेवलं आहे. उघडलं की मला कळेल. वाचून झाल्यावर तो कोणाला फोन करणार, तेही मला माहीत आहे.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. वर लिहिलं आहे ते मी वाचलं, दुसऱ्या दिवशी परत वाचलं, आणि कोणी मधे काही घातलेलं नाही याची खात्री करून सही करते.

सही (वाकडी असली तरी माझीच)

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले काका. यांनी मजकूर वाचला नाही, सही मात्र चष्मा लावून, दोनदा तपासून केली.
२. दुकानातली सहकारी मैत्रीण. हिला कलम ३ आधी दाखवलेलं नाही, म्हणजे साक्षीत स्वार्थ आला असं कोणी म्हणू नये. वकीलबाई म्हणतात, तसं नाही चालत. तर तिच्याऐवजी वकीलबाईंच्या कारकुनाची सही घेतली आहे. मैत्रिणीनं कागदावर उगाच बघू नये.

ठिकाण: मागची खोली, टेबलाशी.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, दुपार.

सहीच्या खाली लिहिलेलं ग्राह्य धरत नाहीत, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. ग्राह्य धरू नये. हे फक्त धाकटीसाठी आहे.

शेवटची काही भोकं मी तशीच सोडली आहेत. तूही ती सकाळी येऊन शिवू नकोस. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून ठेवल्या आहेत. या हातानं ओवायला मला पुरी दुपार लागली. चिमटा काढून भिंतीशी ठेवला आहे. ऑपरेशनच्या आधी एकदा संध्याकाळी, मी घरी असताना, पुढच्या दारानं ये आणि पलीकडे बस. माझी ओढ कमी पडेल, तर तूही कमी ओढ. बोलायची गरज नाही.

तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी ये.